उजव्या बाजूची चीर

माझे वडील कोल्हापूरला उद्यमनगरात ओतकामाच्या कारखान्यात साचे करायचे. काळी वाळू, भट्टी, लाल रस आणि सकाळी साचा फोडला की आतून निघणारा इंजिनाचा ब्लॉक, हे मी शाळेत जायच्या आधीपासून बघत आलो. ब्लॉकच्या अंगाला गोल भोकं असायची, मी विचारायचो, बाबा, ही कशाला, तर ते म्हणायचे, आतली वाळू काढायला, पोटात वाळू ठेवून कुणाला जगता येतं का. मग त्या भोकांवर पत्र्याच्या टोप्या ठोकायच्या की झालं. हे आधी सांगतोय कारण इथं न्यूझीलंडमध्ये लोक त्या टोप्यांना फ्रॉस्ट प्लग म्हणतात, आणि त्यांना खरंच वाटतं की आत बर्फ झाला तर टोपी निसटते आणि ब्लॉक वाचतो, त्यासाठीच ती बसवलेली असते. कधी निसटते, कधी नाही. बसवलेली असते ती वाळूसाठी. असो.

मी पुढं डिप्लोमा करून पिंपरीला इंजिनाच्या कारखान्यात लागलो, टेस्टिंगला. नवीन इंजिन यायचं, ते मी चालवून बघायचो, कान लावायचो, आणि मी हो म्हटल्याशिवाय ते गेटबाहेर जायचं नाही. निवृत्त झालो, मालती गेली, आणि मुलगी मंजिरी म्हणाली, बाबा, तिथं एकटे काय करताय, या इकडं. म्हणून मी इथं हॅमिल्टनला, रोटोटुनात आलो. नवीन वस्ती, सगळी घरं सारखी, पहिले काही दिवस मी फिरून आलो की दुसऱ्याच्याच दारात उभा राहायचो.

पहिल्याच हिवाळ्यात सकाळी दार उघडलं तर लॉन पांढरं. काय सांगू तुम्हाला, या वयात मी स्लिपर घालून त्या गवतावर चालत सुटलो, नुसता कुरकुर आवाज ऐकायला. दहा वाजता ऊन आलं की सगळं गायब, दुपारी स्वेटर नको. ही इथली थंडी. आणि इथंच ती फसवते. जिथं सहा महिने बर्फ असतो तिथले लोक आधीच सगळं बांधून झाकून ठेवतात. इथं म्हणायचं, छे, कसली थंडी, आणि मग वर्षातून दोनचार रात्री आकाश असं स्वच्छ होतं की थंडी काम करून जाते.

पाणी गोठलं की फुगतं हे पुस्तकात वाचलं होतं, पण ते लोखंड फोडतं यावर माझा विश्वास बसेना. बिडाचा ब्लॉक मी ओतताना बघितलाय, हातोडा बसला तरी हसतो तो. मग मी हार्डवेअरच्या दुकानातून बिडाचा एक पाइपचा जोड आणला, पाण्यानं काठोकाठ भरला, दोन्ही तोंडं बंद केली आणि मंजिरीच्या फ्रीजरमध्ये वाटाण्यांच्या मागं ठेवून दिला. सकाळी बघतो तर अंगावर उभी चीर, केसाएवढी, आणि तिच्यातून बर्फ असा बाहेर डोकावतोय. मी तो हातात घेऊन स्वयंपाकघरात नाचत होतो आणि मंजिरी म्हणत होती, बाबा, हे तुम्ही खायच्या वस्तूंत ठेवलंत? पाणी काही घाई करत नाही, आवाज करत नाही, नुसती जागा मागतं. आणि जागा नाही दिली तर घेतं.

तर बोट. आम्ही तीन घरांनी मिळून एक जुनी जेट बोट घेतली होती. आम्ही, शिरीष जोगळेकर आणि मिलिंद वाघमारे. शिरीष आयटीतला, मूळचा कोथरूडचा, बोलका, इथल्या मराठी मंडळाचं सगळं तोच बघतो. टाउपोच्या तळ्याच्या वरच्या अंगाला त्याची बॅच आहे, म्हणजे सुट्टीचं लहान घर, खोलगट जागेत, बोट त्याच्याच मागच्या अंगणात ट्रेलरवर उभी असायची. मिलिंद नागपूरचा, इंजिनियर, तेव्हा हॅमिल्टनला एका दुधाच्या कारखान्यात होता. कमी बोलायचा. पण मशीन उघडलं की त्याचे डोळे माझ्यासारखे व्हायचे. उन्हाळ्यात आम्ही दोघं बोटीखाली पडून असायचो, ऑईल बदल, बेल्ट बघ, आणि त्याची बायको सुजाता वरून ओरडायची, काका, जेवायला बाहेर येताय की ताट खाली सरकवू.

या बोटीला गाडीचंच आठ सिलिंडरचं इंजिन असतं, चार डावीकडं, चार उजवीकडं, पण रेडिएटर नसतो. तळ्याचं पाणी ओढायचं, ब्लॉकमधून फिरवायचं, परत तळ्यात सोडायचं. त्यामुळं गाडीसारखं कूलंट घालून भागत नाही, घातलेलं सगळं बाहेरच जाणार. बोट बाहेर काढली तरी पोटात तळं शिल्लक राहतं. म्हणून थंडीआधी ब्लॉकच्या दोन्ही बाजूंची खालची बुचं काढून पाणी सोडून द्यायचं. एवढं सोपं.

मला ते काम इथल्या एका बोटवाल्या मेकॅनिकनं दाखवलं होतं. बूच काढ, पाणी थांबलं की भोकात तार घाल आणि ढवळ, कारण टाउपोच्या पाण्यात तो भुरका हलका दगड असतो, आपण टाचा घासायला घेतो तसला, त्याची वाळू आत जाऊन बसते. आणि बुचं परत लावायची नाहीत, पिशवीत घालून किल्लीला बांधायची, म्हणजे पुढच्या वेळी बुचाशिवाय कोणी बोट पाण्यात नेणार नाही. दर मे महिन्यात, इथली थंडी लागायच्या आधी, मी जाऊन हे करून यायचो. तार घालायचो, ढवळायचो, बुचं किल्लीला बांधायचो. हात करत होते. तोंडानं मी कुणाला कधी काही सांगितलं नाही.

मिलिंदला मी शिकवलं होतं ते पिंपरीचं. आमच्याकडं टेस्टिंगला पहिला नियम, भोक उघडं ठेवून घरी जायचं नाही. धूळ जाते, आणि धुळीपेक्षा वाईट म्हणजे कुंभारीण माशी, एका रात्रीत मातीचं घर बांधून मोकळी. एकदा एका इंजिनाच्या ऑईलच्या वाटेत तिनं घर केलं होतं आणि बेअरिंग जळालं, ती गोष्ट मी मिलिंदला रंगवून रंगवून सांगितली होती. त्यानं ती मनावर घेतली. पुढं कधीही बोटीखाली काम झालं की तो चिंधी, बूच, टोपी, काही ना काही लावल्याशिवाय उठायचा नाही.

आता गणपती. आपला गणपती इथं सप्टेंबरात येतो म्हणजे वसंतात, झाडांना पालवी, लोक म्हणतात संपला हिवाळा. शिरीषच्या बॅचवर आमचा गणपती बसायचा. तळ्यात मूर्ती सोडत नाही आम्ही, शेजारचे माओरी आजोबा पहिल्या वर्षीच येऊन शांतपणे सांगून गेले होते की हे तळं आमचं पूर्वज आहे, त्यात काही टाकू नका. मग आम्ही ठरवलं, बाप्पाला बोटीतून तळ्यावर एक फेरी मारून आणायची आणि घरी टबात विसर्जन करायचं, ती शाडू मग फिजोआच्या, म्हणजे इथल्या पेरूसारख्या फळाच्या, झाडाला. आजोबा म्हणाले, हे छान. नंतर मोदक खायलाही यायचे.

त्या वर्षी मिलिंद बोट चालवत होता. त्यांच्या घरी गणपती नाही, ते बौद्ध, पण सुजाता सकाळपासून उकड काढत होती, आणि मिलिंद म्हणायचा, बोट माझी, ड्रायव्हर मी, तुमच्या देवानं सीटबेल्ट लावावा. फेरी झाली, बोट ट्रेलरवर घेतली, अंगणात लावली, आणि बाकी आम्ही सगळे हात धुऊन आरतीला आत. मीसुद्धा. इंजिनात तळ्याचं पाणी भरलंय हे माझ्या डोक्यातही आलं नाही. मे महिन्यात काढलं होतं की. हिवाळा संपला होता की.

आरती संपली, प्रसाद सुरू झाला, तेव्हा मिलिंद मागच्या दारानं आत आला. बाह्या ओल्या, गुडघ्याला चिखल. म्हणाला, काका, आकाश एकदम मोकळं आहे, मी पाणी काढून टाकलं दोन्ही बाजूंचं. माझ्या तोंडात मोदक. मी नुसता अंगठा वर केला.

त्या आठवड्यात लागोपाठ कडक फ्रॉस्ट पडला. दोन आठवड्यांनी आम्ही तिन्ही घरं परत बॅचवर गेलो. शिरीषनं बोटीवरचं झाकण काढलं आणि म्हणाला, काका, हे काय? ब्लॉकच्या उजव्या अंगाला वीतभर आडवी चीर, तिच्याखाली गंजाचा ओघळ. मी वाकून चिरेवरून बोट फिरवलं. नख अडकत होतं. मग बूच बघितलं, बूच घट्ट बसलेलं.

शिरीष म्हणाला, तुम्ही तर बुचं किल्लीला बांधता ना? किल्लीला काही नाही. मिलिंद म्हणाला, मी लावून टाकली परत, पाणी काढल्यावर. शिरीष म्हणाला, पाणी काढलं असतं तर फुटलं कसं? मिलिंद म्हणाला, मी काढलं होतं, काका, दोन्हीकडनं आलं होतं पाणी. माझ्याकडं बघून म्हणाला. आणि मी, ज्यानं उभा जन्म इंजिनं पास-नापास करण्यात घालवला, तो मी म्हणालो, मिलिंद, पाणी खोटं बोलत नाही.

शिरीष हसला आणि म्हणाला, जाऊ दे काका, आरतीच्या वेळी बाहेर होता म्हणून काहीतरी सांगायला हवं ना, त्याचा थोडाच गणपती आहे.

सुजाता तिथंच चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं. मिलिंदनंही बघितलं. मी ऐकलं होतं. अगदी स्पष्ट ऐकलं होतं. मी खाली वाकून परत ती चीर बघायला लागलो.

सुजातानं ट्रे ओट्यावर ठेवला, दोघांनी पोरांना गाडीत बसवलं आणि गेले. पुढं मिलिंदनं ऑकलंडला, पेनरोजला नोकरी धरली. बोटीतला वाटा सोडला. मंडळात मात्र तो राहिला, म्हणजे विनोदात राहिला. कुणी कार्यक्रमाचा माईक बिघडवला की लोक म्हणायचे, मिलिंदनं पाणी काढलंय वाटतं. मीही हसलोय एकदोनदा. हेही तुमच्या अंकात लिहा.

बोटीला दुसरं इंजिन बसलं. फुटका ब्लॉक मी घरी आणला, टाकवेना, बाबांच्या हातची वस्तू असल्यासारखं वाटतं मला बिडाकडं बघून. मंजिरीनं त्याच्या सिलिंडरांत माती घालून कोरफड लावली. अशी बरीच वर्षं गेली. गेल्या उन्हाळ्यात शेजारचा केविन, ट्रकवर काम करून रिटायर झालेला, लिंबं द्यायला आला, आणि ब्लॉकभोवती एक चक्कर मारून म्हणाला, फ्रॉस्टनं गेलं ना हे, मेट? मी म्हटलं हो, एकानं पाणीच काढलं नव्हतं. तो खाली बसला, डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं आणि म्हणाला, मग एकाच बाजूला का?

बस, एवढंच म्हणाला, लिंबं ठेवली आणि गेला.

एकाच बाजूला का. पाणी काढलंच नसतं तर दोन्ही बाजू भरलेल्या होत्या, दोन्ही बाजूंना तीच थंडी, तेच बीड. डावी बाजू का वाचली? हा प्रश्न पहिल्या दिवशी मला पडायला हवा होता. पिंपरीत नवख्या पोरानं असा रिपोर्ट आणला असता तर मी फाडून त्याच्या हातात दिला असता. मी त्या दिवशी डावं बूच उघडूनसुद्धा बघितलं नव्हतं.

कोरफड बाजूला केली, तेल सोडलं, लांब पाना लावला. डावं बूच निघालं, तार घातली, तार सरळ आत. उजवं बूच काढलं, तार घातली, तार अर्ध्या बोटावर थांबली. टोचलं तर भुरकी वाळू, दगडासारखी जमलेली. ती सगळी खरवडून वाटीत काढली. तरी माझं समाधान होईना, टेस्टिंगची खोड. उजवी बाजू पोकळ केली, चिरेला बाहेरून सील लावलं, पाणी भरलं, तीच वाळू कुटून आत सोडली, जरा बसू दिली आणि बूच काढलं. पाणी आलं धो धो. मग बारीक झालं. मग थेंब. मग थांबलं. कुणीही म्हणेल, संपलं. तार घातली तर परत धो धो, आत निम्मं शिल्लक होतं. मी पुन्हा भरलं, पुन्हा सोडलं, पुन्हा तसंच. मंजिरी खिडकीतून म्हणाली, बाबा, सकाळपासून काय पाण्याशी खेळताय, आणि मला आनंद झाला होता हो, कोडं सुटल्याचा आनंद, आणि मग मी तार खाली ठेवली. मिलिंदला हेच दिसलं होतं. पाणी आलं, थांबलं, त्याला वाटलं संपलं. मग माझ्या कुंभारीण माशीला घाबरून त्यानं बुचं लावली. तार घालायची हे त्याला कोण सांगणार होतं? मीच. पाणी काढायचं सुचलं कुणाला होतं? फक्त त्याला.

मंजिरीला म्हटलं, मला ऑकलंडला ने. मिलिंदच्या घरी सोफ्यावर बसून मी सगळं सांगितलं, वाळूची पुडीसुद्धा दाखवली. तो ऐकत होता, मग हसायला लागला, म्हणाला, म्हणजे काका, मी काढलं होतं! मी म्हटलं, अरे तूच तर सांगत होतास. तो म्हणाला, सांगत होतो, पण मग मलाच वाटायला लागलं की नसेल काढलं, तुम्ही म्हणालात म्हणजे नसेलच काढलं. सुजाता म्हणाली, विचारा त्यांना, कारखान्यातून निघाले की अर्ध्या वाटेवरून परत जातात, व्हॉल्व्ह बंद केला का बघायला. घरातला नळ तीनदा बघतात.

मी हात जोडले, म्हटलं, पोरांनो, माझं चुकलं. मिलिंद उठून माझे हात धरायला लागला, अहो काका, काय हे. सुजाता मात्र जागची हलली नाही. म्हणाली, काका, इंजिनाचं ठीक आहे. शिरीषचं ते वाक्य तुम्ही ऐकलं होतं ना? मी म्हटलं, ऐकलं होतं. मग? म्हणाली. चूक शोधायला मला वाळू लागली, पण ते वाक्य तर सरळ कानावर आलं होतं, तिथं कसली तपासणी हवी होती? ती म्हणाली, इथं आमच्या घरात सांगून काय उपयोग, जिथं बोललं गेलं तिथं सांगा. आणि मग, चहा घ्या, गार होतोय.

मंडळाच्या बैठकीत मी उठलो. दोन वाक्यं बोललो असेन, शिरीष म्हणाला, काका, किती जुनं, नवीन इंजिन कधीच बसलंय, चला पुढचा विषय. सगळे हसले, प्रेमानंच हसले. म्हणून तुम्हाला बोलावलं. तुम्ही मंडळाचा अंक काढता, मी सांगतो तसं लिहा, आणि कुणाचंही नाव गाळू नका, माझं वागणं तर अजिबात गाळू नका.

या मे महिन्यात शिरीषचा फोन आला, काका, थंडी सुरू होतेय, पाणी काढायला कधी येताय? मी म्हटलं, मी नाही येणार, मिलिंदला विचार. तो म्हणाला, तो कशाला येईल? मी म्हटलं, तेच, का नाही येणार ते तुला ठाऊक आहे, ते आधी बोल त्याच्याशी, मग पाण्याचं बोल. फोन ठेवला त्यानं. नंतरचे आठ-दहा दिवस फार वाईट गेले बघा. सकाळी लॉन पांढरं दिसलं की मला टाउपो आठवायचं, इंजिनाच्या पोटात तळं भरलेलं, वर मोकळं आकाश. मंजिरी म्हणायची, बाबा, जाऊन काढून या ना, कशाला हट्ट. मी म्हटलं, फुटू दे. इंजिन दुसरं मिळतं.

परवा मिलिंदचा फोन आला. शिरीषनं फोन केला होता म्हणे. मी विचारलं, माफी मागितली का, तर मिलिंद म्हणाला, शिरीष आधी नुसतं झालं गेलं विसरू म्हणाला, तेव्हा सुजातानं फोन स्पीकरवर टाकायला लावला आणि विचारलं, काय विसरू, ते सांगा. मग ते वाक्य शिरीषनं जसंच्या तसं म्हटलं, आणि म्हणाला, हे मी बोललो होतो, चुकलो. मी विचारलं, मग तू काय म्हणालास? म्हणाला, शनिवारी जातो, पाणी काढून येतो, तार नेतो. तुम्ही येता का? मी म्हटलं, नको रे, तू असताना माझं काय काम. आणि सुजाता? म्हणाला, ती नाही येणार, ती म्हणते अजून नाही.

बरोबर आहे तिचं. तिला घाई करायचा मला हक्क नाही. अंक निघाला की पहिली प्रत त्यांच्या घरी पाठवा, मंडळात नंतर वाटा. तिनं वाचावं, न वाचावं, तिची मर्जी. दोघं सुखात राहोत, पोरं मोठी होवोत. शनिवारपर्यंत रात्री ढगाळ राहू देत, एवढंच आता मागणं आहे माझं.